उघड्या दाराची प्रार्थना : पंडिता रमाबाई आणि त्यांच्या मुली

विजयदुर्ग : तिन्हीसांजेला तुळशीपुढे दिवा लागला की पोरांना हातपाय धुऊन बसवायचं, शुभं करोति म्हणून घ्यायचं, मग परवचा. विजयदुर्ग, गिर्ये, रामेश्वर भागातल्या कित्येक घरांत आजी-आजोबांनी हा नेम वर्षानुवर्षं पाळला. मालवण-वेंगुर्ल्याकडच्या ख्रिस्ती घरांत त्याच सुमाराला तेर्स होतो आणि मे महिन्यात वाडीतल्या खुरसाकडे लदीन. देव वेगळा, शब्द वेगळे, पण पोराला दिवसातून एकदा तरी शांत बसवायचं ही रीत दोन्हीकडे सारखीच.

पण तेच पोर शिकायला बाहेरगावी गेलं आणि वसतिगृहात राहिलं, तर तिथे हा नेम कोणी लावायचा? सांभाळणाऱ्या बाईंचा देव वेगळा असला तर त्यांनी तो मुलांना शिकवावा का? शिकवू नये म्हटलं तर त्यांनी स्वतःची प्रार्थना लपवून करायची का? सव्वाशेपेक्षा जास्त वर्षांपूर्वी याच प्रश्नावरून पुण्यात मोठं वादळ उठलं होतं. त्या वादळाच्या मधोमध एक बाई उभ्या होत्या, पंडिता रमाबाई. 23 एप्रिल 1858 हा त्यांचा जन्मदिवस आणि 5 एप्रिल 1922 हा मृत्यूदिवस. एप्रिल आला की त्यांची आठवण निघते. विधवांना शिकवणाऱ्या समाजसुधारक म्हणून त्या सगळ्यांना ठाऊक आहेत. आपल्या विद्यार्थिनींना प्रार्थनेची गोडी कशी लावली आणि त्यापायी काय सोसलं, ती गोष्ट मात्र कमी सांगितली जाते.

पहाटेचा धडा

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना लोकांचा रोष पत्करावा लागला. सह्याद्रीच्या जंगलात गंगामूळ इथे त्यांनी आश्रम केला. तिथेच रमाबाईंचा जन्म झाला. पुढे कुटुंब यात्रेला निघालं आणि गावोगावी पुराण सांगत फिरू लागलं.

रमाबाईंची शाळा म्हणजे त्यांची आई, लक्ष्मीबाई. दिवसभर कामाचा रगाडा, म्हणून आई पहाटे लेकीला लाडाने उठवायची आणि पाखरं बोलायला लागण्याच्या वेळेला श्लोक म्हणून घ्यायची. भागवताचे हजारो श्लोक रमाबाईंना लहानपणीच पाठ झाले. पहाटे उठण्याची ती सवय त्यांनी जन्मभर सोडली नाही. पुढे आपल्या संस्थेतल्या मुलींनाही लावली.

या बालपणाची दुसरी बाजू फार कडू होती. सगळं कुटुंब उपास करी, व्रतं करी, तीर्थस्नान करी, दानधर्म करी. जवळचे पैसे त्यात संपले. मद्रास इलाख्यात मोठा दुष्काळ पडला, त्यात काही महिन्यांच्या आत वडील, आई आणि मोठी बहीण गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं पायी हजारो मैल हिंडली. झेलम नदीच्या काठी कडाक्याच्या थंडीत अंगावर पांघरूण नव्हतं, तेव्हा वाळूत खड्डा करून, अंगावर वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या. एवढे नेम पाळूनही आई-वडील उपाशी का गेले, हा प्रश्न रमाबाईंच्या मनात तेव्हापासून घर करून राहिला.

कलकत्ता ते पुणे

1878 मध्ये भावंडं कलकत्त्याला पोचली. वीस वर्षांची ही मुलगी अस्खलित संस्कृत बोलते हे पाहून तिथले विद्वान थक्क झाले. त्यांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. 1880 मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, म्हणून लग्न नोंदणी पद्धतीने. नवऱ्याच्या पुस्तकांत त्यांना बंगाली भाषेतलं लूकचं शुभवर्तमान सापडलं. एका मिशनऱ्याकडून त्या बायबलाबद्दल ऐकू लागल्या. नवऱ्याला ते फारसं रुचलं नाही. 1881 च्या एप्रिलमध्ये मनोरमा जन्मली आणि दुसऱ्याच वर्षी फेब्रुवारीत पटकीच्या साथीत बिपिनबाबू गेले. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आत रमाबाई विधवा झाल्या, पदरात तान्ही लेक.

त्या पुण्याला आल्या. 1882 मध्ये आर्य महिला समाज काढला. हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन त्यांनी मुलींसाठी शिक्षिका आणि बायकांसाठी बाई डॉक्टर हव्यात असं ठासून सांगितलं. डॉक्टरकी शिकावी म्हणून 1883 मध्ये त्या मनोरमाला घेऊन इंग्लंडला गेल्या.

लेकीला धर्म कोणी शिकवायचा?

इंग्लंडात वाँटेज गावच्या अँग्लिकन जोगिणींच्या मठात त्या राहिल्या. लंडनजवळ फुलहॅम इथे याच जोगिणी वाट चुकलेल्या, टाकून दिलेल्या बायकांना आसरा देत. ज्यांच्याकडे जग ढुंकून पाहत नाही अशा बायकांची सेवा चाललेली रमाबाईंनी तिथे पाहिली. येशू आणि शोमरोनी बाई यांची विहिरीकाठची गोष्ट त्यांना तिथे ऐकायला मिळाली. ती त्यांच्या काळजाला भिडली. 29 सप्टेंबर 1883 रोजी मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला.

इथे महाराष्ट्रात लोक हळहळले, काही चिडले. तिकडे मठातल्या जोगिणींना वाटलं, आता ही बाई आपण सांगू तसं वागेल. तसं काही झालं नाही. रमाबाईंचा बहिरेपणा वाढत चालल्याने डॉक्टरकी राहून गेली. चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या शिकू आणि शिकवू लागल्या. मठाशी त्यांचा पत्रांतून वाद चालूच राहिला. त्या शाकाहारी राहिल्या, अंडं घातलेला पदार्थही खाईनात. क्रूसावरची अक्षरं लॅटिनमध्ये का, आपल्या संस्कृतमध्ये का नाहीत, असं त्यांनी विचारलं. पटेल तेवढंच मानीन, एखादा धर्माधिकारी सांगतो म्हणून मानणार नाही, असा त्यांचा हेका होता.

सगळ्यात मोठा वाद मनोरमेवरून झाला. तिला कोणत्या पद्धतीचं धर्मशिक्षण द्यायचं ते जोगिणी ठरवू पाहत होत्या. रमाबाईंनी निक्षून सांगितलं की लेकीच्या धर्मशिक्षणाचा हक्क आईचा आहे. गंमत अशी की दहा वर्षांनी पुण्यात हाच प्रश्न उलटा होऊन त्यांच्यापुढे आला. तेव्हा दुसऱ्यांच्या लेकी रमाबाईंकडे होत्या आणि हक्क सांगायला आई-बाप उभे होते.

शारदा सदन आणि दिलेला शब्द

1886 मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. तो सोहळा पाहायला रमाबाई अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेल्या. तिथे त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं आणि गावोगाव व्याख्यानं दिली. 1887 मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झालं. विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षं पैसा द्यायचं या मंडळाने कबूल केलं. अट एकच होती. शाळेत धर्माचा प्रचार करायचा नाही, मुलींनी आपापला धर्म खुशाल पाळावा.

11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं. तेव्हा विजयदुर्ग, देवगड, मालवण ही बंदरं रत्नागिरी जिल्ह्यात होती आणि मुंबईला जायचं तर आगबोट. कोकणातल्या ब्राह्मण घरांत लाल आलवणातल्या, केशवपन केलेल्या बालविधवा कोपऱ्यात बसून दिवस काढत होत्या. अशांपैकीच एक देवरुखच्या गोदूबाई जोशी. लहानपणीच विधवा झालेल्या गोदूबाई भावाच्या आधाराने मुंबईला आल्या होत्या. शारदा सदनात अगदी सुरुवातीला दाखल झालेल्या मुलींत त्या होत्या.

1890 मध्ये सदन पुण्याला हललं. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर अशी मोठी माणसं सल्लागार मंडळात होती. सोवळं-ओवळं, व्रतं, सण पाळायची मुलींना मोकळीक होती. रमाबाईंनी दिलेला शब्द सगळ्यांना माहीत होता. म्हणून तर एवढ्या जुन्या वळणाच्या घरांनी आपल्या लेकी-सुना त्यांच्याकडे पाठवल्या.

दार उघडं राहिलं

रमाबाई रोज आपल्या खोलीत मनोरमाला जवळ घेऊन बायबल वाचत आणि प्रार्थना करत. खोलीचं दार उघडं असे. मुलींना त्या बोलावत नसत आणि आलेल्या मुलीला हाकलतही नसत.

या मुलींना घरी कोणी जवळ बसवून घेतलं नव्हतं. सकाळी त्यांचं तोंड दिसलं तर अपशकुन मानायचे दिवस ते. इथे एक विदुषी रोज लेकीला कुशीत घेऊन देवाशी बोलते आणि आपणही शेजारी जाऊन बसलो तर कोणी उठवत नाही, हे त्यांना नवीन होतं. आधी एक आली, मग दुसरी. काही मुली रोज येऊ लागल्या. काहींना ख्रिस्ती धर्माची ओढ वाटू लागली.

याच सुमाराला रमाबाईंच्या स्वतःच्या मनातही मोठी उलथापालथ चालू होती. बाप्तिस्मा घेऊन आठ वर्षं झाली, ख्रिस्ताचा धर्म मिळाला, पण ख्रिस्त स्वतः भेटला नाही, अशी रुखरुख त्यांना लागली होती. 1891 च्या सुमाराला एका इंग्रज धर्मोपदेशकाचं आत्मचरित्र वाचताना ती गाठ सुटली. त्यानंतर प्रार्थना हा त्यांचा श्वासच झाला. आता आपली श्रद्धा दाराआड ठेवणं त्यांना खोटेपणाचं वाटू लागलं.

1893 : वादळ

बातमी बाहेर गेली. केसरीतून कडक टीका झाली. विधवांच्या शिक्षणाच्या नावाखाली धर्मांतर चाललं आहे, असा आरोप झाला. सल्लागार मंडळातली मंडळी तर सुधारक. विधवांना शिकवावं म्हणून समाजाच्या शिव्या खाल्लेली. त्यांनाही हे पटेना. शाळा तटस्थ राहील हा शब्द होता आणि मुली बाईंच्या प्रार्थनेला बसतात, तर तटस्थपणा राहिला कुठे, असा त्यांचा सवाल होता.

रमाबाईंचं म्हणणं साधं होतं. शाळेत त्या ख्रिस्ती धर्म शिकवत नव्हत्या. पण स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या लेकीबरोबर प्रार्थना करण्याचा हक्क त्यांना होता. हिंदू मुलींना जसं आपलं व्रत उघडपणे करता येतं, तसंच ख्रिस्ती बाईलाही आपली प्रार्थना उघडपणे करता यायला हवी. दार लावून चोरासारखी प्रार्थना त्या करणार नव्हत्या.

दोन्ही बाजूंत तथ्य होतं. पालकांनी विश्वासाने मुली ठेवल्या होत्या. लहान वयाच्या, घराला पारख्या झालेल्या मुलीवर जीव लावणाऱ्या बाईंचा प्रभाव पडणारच. तिथे बोलावलं नाही एवढं म्हणून भागतं का, ही शंका रास्त होती. दुसरीकडे, मुलांना सांभाळणाऱ्या माणसाने आपल्या मनातली सगळ्यात मोठी गोष्ट त्यांच्यापासून लपवायची, हेही अवघडच. अशा लपवाछपवीतून मुलं काय शिकतील, हा रमाबाईंचा विचार होता.

ऑगस्ट 1893 मध्ये रानडे, भांडारकर आदींनी राजीनामे दिले. पालक आले आणि वीस-पंचवीस मुलींना घेऊन गेले. एवढ्या कष्टाने उभं केलेलं सदन अर्धं ओस पडायची वेळ आली. दार लावून घेतलं असतं तर कदाचित हे टळलं असतं. रमाबाईंनी ते लावलं नाही. अमेरिकेतल्या मंडळाने त्यांच्यावरचा विश्वास काढला नाही आणि सदन तगलं.

गोदूबाईंचं काय झालं?

शारदा सदनात राहिलेल्या सगळ्या मुली ख्रिस्ती झाल्या, असं कोणी म्हटलं तर ते खरं नाही. गोदूबाई चार वर्षं रमाबाईंच्या सहवासात राहिल्या, शिकल्या, स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या आणि हिंदूच राहिल्या. 11 मार्च 1893 रोजी, म्हणजे सदन सुरू झालं त्याच तारखेला चार वर्षांनी, त्यांचं मुरुडच्या धोंडो केशव कर्वे यांच्याशी लग्न झालं. त्या आनंदीबाई झाल्या, बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या. पुढे 1896 मध्ये अण्णासाहेब कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. त्या कामाच्या मुळाशी शारदा सदनातली ही विद्यार्थिनी होती.

पंधरा गुणिले पंधरा

1893 नंतर रमाबाई खचल्या नाहीत. पुढे लोणावळ्याला ख्रिस्ती लोकांचा मेळावा होता. रमाबाई तिथे आपल्या पंधराएक मुलींना घेऊन गेल्या. या मुली आपल्या मर्जीने ख्रिस्ती झालेल्या. पहाटे एकांतात रमाबाईंनी देवाकडे मागणं मागितलं की या पंधरांच्या पंधरापट मुली दे, म्हणजे 225. तेव्हा सदनात एवढी जागाही नव्हती.

त्याच सुमाराला मध्य प्रांतात दुष्काळ पडला. आई-बाप, बहीण भुकेने गेलेले रमाबाईंनी डोळ्यांनी पाहिले होते. त्या घरी बसल्या नाहीत. दुष्काळी मुलखात जाऊन हाडांचे सापळे झालेल्या मुली आणि बाया त्यांनी आणल्या. पुण्याच्या घरात त्या मावेनात, शिवाय प्लेगची साथ आलेली. पुणे-दौंड रेल्वेमार्गावर केडगावला रमाबाईंनी आधीच जमीन घेऊन ठेवली होती. तिथे उघड्या माळावर मुलींचा संसार थाटला गेला. हेच मुक्ती सदन. 1900 च्या सुमाराला गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा आणखी मुली आल्या. संख्या जवळपास दोन हजारांवर गेली.

शारदा सदनात तटस्थतेचा शब्द होता, मुक्तीत तो नव्हता. ही संस्था उघडपणे ख्रिस्ती होती आणि हे सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. तरीही टीका झाली. उपाशी मुलीला भाकरी देणाऱ्याचा देव नाकारता येतो का, असं लोक विचारत. हा सवाल आजही विचारला जातो आणि त्याचं उत्तर सोपं नाही. मात्र त्या मुलींना माळरानावरून उचलून आणायला तेव्हा फार थोडे लोक गेले होते, हेही तितकंच खरं.

हाताला काम, मनाला नेम

मुक्तीतला दिवस पहाटे सुरू होई. प्रार्थना, बायबलचं वाचन, मग शाळा आणि काम. मुली शेत करत, विहिरीचं पाणी काढत, विणत, शिवत, तेल काढत, गाई-म्हशी सांभाळत, छापखाना चालवत. आंधळ्या मुलींसाठी वेगळी सोय होती. मनोरमा त्यांना बोटांनी वाचायची ब्रेल लिपी शिकवी. समाजाने वाळीत टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन होतं. देवळात बाकं नव्हती, सगळ्या जमिनीवर मांडी घालून बसत. साडी, बांगड्या, जेवण, गाणं, सगळं इथल्याच पद्धतीचं. ख्रिस्ती व्हायचं म्हणजे साहेबाची नक्कल करायची, हे रमाबाईंना मान्य नव्हतं.

एवढ्यांच्या पोटाला रोज लागायचं कुठून? इंग्लंडातल्या ब्रिस्टलला जॉर्ज म्युलर नावाच्या माणसाने कोणापुढे हात न पसरता, फक्त प्रार्थनेच्या भरवशावर हजारो अनाथ मुलं सांभाळली होती. त्याचं चरित्र रमाबाईंनी वाचलं होतं. त्यांनीही तोच मार्ग धरला. धान्य संपत आलं, विहीर आटत चालली, तर मुलींना ते लपवून सांगायचं नाही, सगळ्यांनी मिळून प्रार्थनेला बसायचं. पण नुसतं बसून राहायचंही नाही. पाण्यासाठी प्रार्थना चाले आणि विहिरी खणायचं कामही चाले. लहानपणी पाहिलेल्या कोरड्या व्रतांतून त्या हे शिकल्या होत्या.

1905 चा पावसाळा

1904 मध्ये इंग्लंडशेजारच्या वेल्स प्रांतात श्रद्धेची मोठी लाट आली. ख्रिस्ती लोक याला उज्जीवन म्हणतात. ती बातमी केडगावला पोचली. जानेवारी 1905 मध्ये रमाबाईंनी मुलींपुढे विषय काढला. रोज एकत्र जमून खास प्रार्थना करायला कोण तयार आहे, असं विचारलं. सत्तर जणी पुढे झाल्या. कोणावर सक्ती नव्हती. वर्षाच्या मध्यापर्यंत ही संख्या पाचशेच्या वर गेली.

जूनच्या शेवटी एका रात्री मुलींच्या झोपायच्या खोलीत जाग आली. मुली रडू लागल्या, मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. दुसऱ्या दिवशी रमाबाई नेहमीसारख्या शांतपणे योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय समजावून सांगत होत्या. तेवढ्यात सगळ्याच मुली एकदम मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, रमाबाईंना बोलणं थांबवावं लागलं. पुढचे काही दिवस वर्ग बाजूला राहिले. मुलींनी आपल्या चुका कबूल केल्या, मनातली अढी काढून टाकली.

काही मिशनऱ्यांना हा गलका आवडला नाही. देवळात शिस्त हवी, असं त्यांचं मत. रमाबाईंनी मुलींची बाजू घेतली. इथली माणसं इथल्या रीतीने रडतील, हसतील, देवाला हाक मारतील. गोऱ्या माणसांच्या मोजपट्टीने ते का मोजायचं, असा त्यांचा विचार होता. मात्र नुसत्या आरडाओरड्यावर त्या खूश नव्हत्या. भावनेच्या भरात रडलेली मुलगी उद्या कशी वागते, दुसऱ्यासाठी काही करते का, याकडे त्यांचं लक्ष होतं. मिनी एब्रम्स या अमेरिकन सहकारी मुलींचे गट करून आसपासच्या गावांत जाऊ लागल्या.

याच एब्रम्सबाईंनी केडगावची हकिगत पुस्तकरूपाने लिहिली आणि दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशातल्या आपल्या मैत्रिणीला पाठवली. ती वाचून तिथल्या ख्रिस्ती मंडळींत मोठी चळवळ उभी राहिली. दुष्काळातून आलेल्या, अक्षरओळख नुकती झालेल्या मुलींची प्रार्थना दौंड तालुक्यातून निघून समुद्रापार पोचली. अमेरिकेत लॉस एंजेलिसची प्रसिद्ध अझुसा स्ट्रीटची जागृती झाली ती याच्या पुढच्या वर्षी, 1906 मध्ये.

शेवटचं काम

तेव्हाचं मराठी बायबल साध्या बाईला समजायला जड आहे, असं रमाबाईंना वाटे. मुलीला रोज वाचायला सांगायचं आणि तिला शब्दच कळायचे नाहीत, तर नेम टिकणार कसा? म्हणून उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांतून सोप्या मराठीत भाषांतर सुरू केलं. छपाई मुक्तीच्या छापखान्यातच. खिळे जुळवणाऱ्या मुलीच, छापणाऱ्याही मुलीच. ज्यांना कधी कोणी पाटी हातात दिली नव्हती, त्यांच्या हातून सबंध बायबल छापलं जात होतं.

जुलै 1921 मध्ये मनोरमा गेली. ज्या लेकीला जवळ घेऊन उघड्या दाराशी प्रार्थना सुरू झाली, तीच आईच्या आधी गेली. रमाबाई ऐकू न येणाऱ्या कानांनी आणि थकलेल्या शरीराने काम करत राहिल्या. भाषांतर हातावेगळं करूनच 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी केडगावला देह ठेवला. सबंध बायबल छापून बाहेर आलं ते 1924 मध्ये. 1989 मध्ये भारत सरकारने त्यांच्या नावे टपाल तिकीट काढलं. केडगावची मुक्ती मिशन संस्था आजही चालू आहे.

आजच्या पालकांसाठी

पुण्यातल्या त्या भांडणाचं उत्तर पुढे देशाच्या राज्यघटनेत लिहिलं गेलं. अनुच्छेद 28 सांगतो की पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धर्मशिक्षण द्यायचं नाही. सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत कोणालाही धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसायची सक्ती करता येत नाही. बसायचं तर विद्यार्थ्याची संमती लागते, आणि तो अज्ञान असेल तर पालकांची. म्हणजे पालकांचा हक्क राखला गेला. त्याच घटनेने प्रत्येकाला आपला धर्म उघडपणे पाळायचं स्वातंत्र्यही दिलं. म्हणजे रमाबाईंचं दारही उघडं राहिलं.

दहावी-बारावीचे निकाल लागले की विजयदुर्ग भागातली कितीतरी मुलं-मुली कोल्हापूर, पुणे, मुंबईला वसतिगृहात राहायला जातात. संस्था कोणत्या विचाराची आहे, तिथे रोजचा नेम काय असतो, हे पालकांनी आधीच विचारावं आणि संस्थेनेही ते मोकळेपणाने सांगावं. 1893 मध्ये दुखावलेल्या घरांचं म्हणणं तेवढंच होतं. मुलांनी रोज थोडा वेळ शांत बसावं असं वाटत असेल, तर मोठ्यांनी आधी स्वतः बसावं. पुण्यातल्या त्या खोलीत रमाबाईंनी मुलींना कधी हाक मारली नव्हती. दार उघडं होतं आणि आत एक बाई रोज, ठरल्या वेळी, देवापुढे बसलेली त्यांना दिसत होती.